उचलू नये

पश्चिमेला पहिली वीज लुकलुकली. इतकी लांब, की तिचा आवाजही आमच्यापर्यंत पोचला नाही. मामा जेवता जेवता थांबले. उठून हात धुतला, टेबलावरचा स्वतःचा फोन घेतला, फडताळातून एक रिकामा पत्र्याचा डबा काढला, फोन त्यात ठेवला आणि झाकण तळहातानं दाबून घट्ट बसवलं. डबा परत फडताळात गेला. मग ताटावर येऊन बसले आणि मामीला म्हणाले, "हं, वाढ."

मामीनं वाढलं. मामेभाऊ मान खाली घालून मोबाइल बघत जेवत होता, त्याला आपण काय खातोय हेही माहीत नसावं. म्हणजे पाहिलं ते फक्त मी. असल्या गोष्टी नेमक्या मलाच दिसतात, आणि दिसल्या की घास उतरत नाही.

नोकरीसाठी मी मामांकडे राहायला आले होते, त्याला थोडेच दिवस झाले होते, पण तेवढ्यात माझं नाव भागूबाई पडलं होतं. भित्री हा शब्द मामा प्रेमानं गाळायचे. दाराची घंटा वाजली तरी मी दचकते, हे खरंच आहे. आणि आईला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला, की मी लावतच राहते. पुन्हा. पुन्हा. शेवटी आई उचलते आणि म्हणते, "अगं, आंघोळीला गेले होते. मेले नव्हते."

एप्रिलातला शेवटचा शनिवार होता तो. जेवणं आटोपली आणि दिवे गेले. मामीनं मेणबत्ती लावली आणि आम्ही बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसलो. वीज चमकली की समोरचं बंद शटर एकदम पांढरं व्हायचं आणि विझायचं. मामेभावाला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण तो बंद करायचं बटण कुठं आहे ते कुणालाच सापडलेलं नाही. तो फोनवरचं हवामान वाचून दाखवत होता. पाऊस नाही, वादळ नाही, आकाश निरभ्र.

"निरभ्र!" मामी म्हणाली. "त्याला म्हणावं, खिडकीतून डोकं बाहेर काढ."

मला राहवलं नाही. "मामा, तुम्ही फोन डब्यात का ठेवलात?"

"बाबांना वाटतं फोन बघून वीज येते," रेडिओ म्हणाला. "दरवर्षीचं आहे हे. उन्हाळ्यात आभाळ आलं की फोन डब्यात. नाहीतर फ्रीजमध्ये. मागच्या वर्षी तर..."

"गप रे," मामा म्हणाले. ते शटरकडे बघत होते. मग म्हणाले, "सांगतो. पण मध्ये तोंड घालायचं नाही. आमच्या दुकानात माझा एक भागीदार होता. त्याच्याबाबतीत झालेलं आहे हे. ऐकीव नाही. मी त्याला चांगला ओळखत होतो."

मामांचं काचेचं दुकान. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरी. आयुष्यभर त्यांनी तेच केलं, आणि त्यांच्या बोलण्यालाही काच कापल्यासारखी धार आहे. सरळ रेघ ओढतात आणि टक्कन मोडतात.

स्वयंपाकघराच्या दारात मामी उभी होती. ती आत गेली नाही, बाहेरही आली नाही.

"समोर एक बाई राहायच्या," मामा सांगू लागले. "खाली लाँड्री, ते शटर तिचंच, वर खोली, त्याच्यावर गच्ची. दवाखान्याच्या चादरी, लॉजच्या चादरी, सगळं धुणं त्या गच्चीत वाळायचं. एक सर आली की दिवसभराची मेहनत मातीत. म्हणून बाई आभाळ बघायला शिकल्या. तेव्हा ती हौस नव्हती, पोट होतं. हौस नंतर लागली.

"आणि लागली ती कशी! मुलगा दूर नोकरीला, त्यानं मोठा फोन पाठवला होता. त्याच्यावर बाई रडारची चित्रं बघायच्या. हिरवं, पिवळं, लाल. लाल झालं की स्वतःशीच हसायच्या. पण खरा भरवसा चादरींवर. मला... आमच्या भागीदाराला त्यांनी एकदा गच्चीत नेऊन दाखवलं होतं. म्हणाल्या, साधा पाऊस येतो तेव्हा वारा ढगाकडून आपल्याकडे येतो, गार लागतो, चादरी ढगाच्या विरुद्ध बाजूला फुगतात. घाबरायचं काम नाही. पण चादरी उलट्या, ढगाकडे ताणल्या गेल्या, तर समजायचं की ढग श्वास ओढतोय. गरम हवा आत घेतोय. त्याच्या पोटात गारा तयार होतायत. आणि ओढता ओढता तो स्वतःभोवती फिरायला लागला, तर त्याला सोंड फुटते. सोंड जिथं जमिनीला टेकते, तिथलं काही जागेवर राहत नाही."

"टोर्नेडो," रेडिओ म्हणाला.

"तू टोर्नेडो म्हण. बाई सोंडच म्हणायच्या."

"आणि सगळं खरं व्हायचं?" मी विचारलं.

"छे गं. चिकार चुकायच्या. चुकल्या की लोक टपलेलेच. स्वतः म्हणायच्या, ढगाचं काही खरं नसतं, भिजलेल्या चादरीचं मात्र खरं असतं. गल्लीला सावध करायच्या ते मिस्ड कॉल देऊन. त्याला जुना बटणांचा फोन ठेवला होता, कारण ओल्या हातांना मोठा फोन दाद देत नाही. एक रिंग देऊन कट केली, तर दोरीवरचे कपडे काढा. दोनदा रिंग देऊन कट केली, तर गारा, गाड्या आत घ्या, खिडक्यांना फळ्या लावा. आणि रिंग थांबलीच नाही, वाजतच राहिली, तर सोंड. सगळं सोडून जिन्याखाली जाऊन बसा. बाईंची सुटीची रिंग येईपर्यंत, म्हणजे पुन्हा एकदाच वाजून बंद होईपर्यंत, तिथून हलायचं नाही.

"आणि मुख्य नियम, फोन उचलायचा नाही. अख्खी गल्ली लावायची असायची त्यांना. एकानं उचलला की पुढच्याला उशीर. कोपऱ्यावरच्या आजी होत्या ना, त्या हटकून उचलायच्या. 'बोला बाई, चहा झाला का?' बाई भडकायच्या. 'अहो, गारा डोक्यावर आल्यात आणि तुम्हाला चहा सुचतोय? ठेवा आधी!' शेवटी बाईंनी घरोघर जाऊन सांगितलं. भागीदारानं विचारलं, 'तुमचा नंबर कुठल्या नावानं ठेवू?' बाई म्हणाल्या, 'उचलू नये, या नावानं ठेवा. म्हणजे लक्षात राहील.' त्यानं तसंच केलं. सगळ्यांनीच तसं केलं. आमच्या गल्लीत फोनाफोनांत बाईंचं नाव तेच. उचलू नये."

रेडिओ हसला. मीही हसले. मामी हसली नाही.

"भागीदाराचं आणि बाईंचं तसं गुळपीठ नव्हतं. कसं असणार? गारा पडल्या की आमची चांदी. लोक रडत दुकानात येतात, आम्ही माप घ्यायला टेप काढतो. बाई आधी सांगून ठेवायच्या, लोक फळ्या लावायचे, काचा वाचायच्या. तो म्हणायचा, 'बाई, तुमच्या गारा सगळ्या माझ्या पोटावर पडतात.' त्या म्हणायच्या, 'मग आरसे विका. लोकांना स्वतःचं तोंड बघायला कधीच कंटाळा येत नाही.'

"एकदा सोंड खरंच आली. लाकडाच्या वखारीचं छप्पर उचलून शाळेच्या मैदानात नेऊन ठेवलं तिनं. आमच्या गल्लीत कुणाला ओरखडा नाही. सगळे जिन्याखाली. त्यानंतर आठवडाभर बाई म्हणजे देवीच. मग एकदा अशीच न थांबणारी रिंग आली आणि काही झालं नाही. दुपारभर लोक उकडत बसले. झालं! 'बाई, सोंड वाटेत कुठं अडकली?' 'बाई, आज हत्ती रजेवर आहे का?' वखारवाले तर रोज विचारायचे. ज्यांचं छप्पर उडालं होतं, ते. माणसाची आठवण फार लहान असते, भागूबाई. उपकार केलेल्याला हे माहीत असावं लागतं."

वीज चमकली. या वेळी थोडा आवाज आला. मी पाय वर घेतले.

"ती रात्र मंगळवारची. पौर्णिमा होऊन दोन रात्री झाल्या होत्या, पण चंद्र काही कुणाला दिसला नाही. जेवणवेळेला एक रिंग आली. लोकांनी कपडे काढले. थोड्या वेळानं दोन. गाड्या आत गेल्या. आणि मग गारा आल्या... लिंबाएवढ्या. पत्र्यांवर असा आवाज, की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. आणि तेवढ्यात न थांबणारी रिंग.

"गल्ली जिन्याखाली गेली. भागीदारही गेला, बायकोला घेऊन. त्याचा मुलगा तेव्हा होस्टेलवर होता. फोन मांडीवर. अंधारात तेवढाच उजेड. उचलू नये. वाजतोय. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला. त्याला वाटलं, सोंड फार जवळ आली असेल, म्हणून बाई पुन्हा पुन्हा सांगतायत."

"त्याच्या बायकोनं सांगितलं होतं," मामी दारातून म्हणाली, "एकदा उचला म्हणून."

मामा थांबले. "सांगितलं असेल."

"असेल नाही. सांगितलं होतं. गारा थांबल्या तरी फोन थांबत नव्हता, तेव्हा. तो म्हणाला, नाव वाचता येतं ना? काय लिहिलंय? उचललं तर बाई रागावतील."

मेणबत्तीची वात वाकडी झाली होती. ती कुणी सरळ केली नाही.

"सांगितलं होतं," मामा म्हणाले. "गारा थांबल्या. सगळीकडे शांत. प्रत्येक घरात जिन्याखाली माणसं बसलेली, आणि प्रत्येकाचा फोन आळीपाळीनं वाजतोय. सुटीची रिंग मात्र येईना. सोंडही येईना. मग फोन उशिरा उशिरा वाजायला लागला. मग बंद झाला. तरी कुणी हललं नाही. सुटीची रिंग कुठं झाली होती? उजाडेपर्यंत बसले सगळे. पाठी धरल्या, झोपेचं खोबरं झालं, आणि सोंडेचा पत्ता नाही. गल्लीत येऊन लोक बाईंना शिव्या घालायला लागले. भागीदार म्हणाला, 'थांबा, मीच जाऊन विचारतो.' गेला. दार उघडंच होतं. वर गेला.

"गच्चीत पत्र्याची शेड होती. गारांचा ढीग साठून ती खाली आली होती. बाई राहिलेल्या चादरी काढायला गेल्या होत्या, दवाखान्याच्या. लोखंडी अँगल पायांवर. मोठा फोन खाली खोलीत. हातात बटणांचा. त्याचं हिरवं बटण दाबलं, की शेवटी लावलेले नंबर येतात, पुन्हा दाबलं की लागतात. शेवटी लावलेले नंबर म्हणजे आपली गल्ली. सांजेपासून त्यांनी दुसऱ्या कुणाला लावलेच नव्हते. अंधारात, बधिर बोटांनी, त्या तेवढंच करू शकत होत्या. हिरवं बटण.

"चादरींच्या घड्यांत गारा तशाच होत्या. वितळल्या नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, पाय मोडल्यानं नाही, गारठ्यानं गेल्या. पहाटेपर्यंत होत्या म्हणाले."

रेडिओनं हातातला फोन पालथा ठेवला.

"मग काय, सगळे चांगले वागले," मामा म्हणाले. "माणूस मेला की लोक फार चांगले वागतात. बाईंचा मुलगा आला, त्यानं घरोघर विचारलं, आईचा फोन तुम्हाला आला होता का. कुणाला रेंज नव्हती. कुणाचा फोन चार्जिंगला होता. कुणी म्हणे उचलला, पण पलीकडून आवाज आला नाही. आणि मुलगा परत गेल्यावर हेच लोक पानपट्टीवर उभे राहून सांगायचे, बाईंचा शेवटचा फोन मला आला होता. मान होता तो! त्याच्यावरून भांडणं झाली."

"आणि भागीदार?" मी विचारलं.

"त्याचंच सांगतोय.

"वर्ष झालं. मुलानं कळवलं, जागा भाड्यानं द्यायची आहे, वरच्या खिडकीची काच फुटलीय, तेवढी बसवून ठेवा, सकाळी भाडेकरूला घेऊन येतो. भागीदार रात्री जेवून निघाला. काम काय, किरकोळ. वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच काखेत, खिशात चौकटीला मारायच्या चुका आणि हातोडी. जाताना गुणगुणत होता म्हणे. आभाळ स्वच्छ. चांदण्या. फक्त पश्चिमेला, फार लांब, एक बारीकसं काहीतरी लुकलुकत होतं.

"खोलीत गेला. जुनी काच काढली. चौकट पुसली. खिडकीतून गच्चीचा जिना दिसतो. सहज वर बघितलं... दोरीवर चादर होती.

"वर्षभर बंद घर. दोरीवर एक चादर. पांढरी. त्याला वाटलं, कुणीतरी शेजारच्यांनी वाळत घातली असेल. वर गेला. वारा बिलकूल नव्हता. पान हलत नव्हतं. आणि चादर ताणलेली होती. आडवी. कुणी टोकाला धरून ओढावी तशी. पश्चिमेकडे.

"फोन वाजला.

"एकदा. आणि बंद.

"त्यानं बघितलं. उचलू नये.

"बाईंचा नंबर केव्हाच बंद झालेला. त्याला हे माहीत होतं. पण हात सवयीचा गुलाम. एक रिंग म्हणजे कपडे काढा. त्यानं चादर काढली. घडी घातली. घडी घालून झाल्यावर त्याला कळलं, आपण काय केलं ते.

"दोन रिंगा.

"तो खाली पळाला. गच्चीचं दार लावलं. काच भिंतीला टेकवून ठेवली. हेही सवयीनं. गारा येणार म्हणजे काच आडोशाला.

"मग... थांबेचना.

"वाजतोय. वाजतोय. त्याला दारातून बाहेर पडता आलं असतं. रस्ता समोर होता. घर समोर होतं. तो गेला नाही. तो बाईंच्या घरात, बाईंच्या जिन्याखाली जाऊन बसला. गुडघे पोटाशी. फोन मांडीवर.

"आणि मग त्याला वरून ऐकू आलं. गच्चीतून. फोन लावल्यावर लावणाऱ्याच्या कानात वाजते ना... ती रिंग. आपल्या हातातली नव्हे. पलीकडची. लावणाऱ्याची. आपण कुणाला फोन लावतो तेव्हा ऐकतो, ती. मांडीवर एक वाजायची, वर एक वाजायची. मध्ये श्वास. बटण दाबल्याचा टक्क. पुन्हा रिंग. आणि अगदी हळू... उचला.

"उचला हो.

"कुणीतरी..."

मेणबत्ती चरचरली.

"मग त्यानं उचलला?" रेडिओनं विचारलं.

"नाही."

"का पण?"

"इतक्या वेळा उचलला नाही. आता उचलून बोलणार काय?"

मामा पुढं म्हणाले, "उजाडल्यावर बाहेर आला. त्या रात्री कुठंही थेंब पडला नव्हता. काच होती तशी, धड. घडी घातलेली चादर मात्र चिंब. पिळली तर बोटं बधिर होतील इतकं गार पाणी. भाडेकरू आला, जागा बघून गेला, परत आला नाही. कुणीच आलं नाही. भागीदारानं नंबर बदलला. फोन बदलला. ते नाव खोडलं. तरी उन्हाळ्यात पश्चिमेला चमकलं, की वाजतो. त्याच नावानं. एवढीच गोष्ट. झोपा आता."

"हा भागीदार असतो कुठं हल्ली?" रेडिओनं विचारलं. "मी कधी पाहिल्याचं आठवत नाही."

"कसला भागीदार?" मामी म्हणाली. आवाज शांत होता, पण तो फार जुना आवाज होता, बरीच वर्षं फडताळात ठेवलेला. "दुकानात कायम एकटेच तर होतात तुम्ही."

मामांनी तिच्याकडे पाहिलं नाही. समोर शटर पांढरं झालं. विझलं.

मग काहीतरी गडगडलं. मला आधी वाटलं ढग. पण आवाज मागून आला, फडताळातून. पत्र्याच्या डब्यात गोट्या हलाव्यात तसा. एकदा. आणि बंद.

मामी दारातून वळली, मागच्या दोरीवरचे टॉवेल काढून घेऊन आली. ते उराशी धरून उभी राहिली. तिलाही कळलं नसेल, आपण काय करतोय ते.

दोनदा.

"बाबा," रेडिओ म्हणाला. "बाबा, तुमचा फोन..."

आणि मग थांबेचना. डबा फडताळात थरथरत होता. आतला आवाज दबलेला, घोगरा, पत्र्याला घासत येणारा. मामा उठले. मला वाटलं, डब्याकडे जातील. ते फडताळावरून पुढं गेले, भिंतीला हात लावत, अंधारात, न चुकता, आणि जिन्याखाली जाऊन बसले. गुडघे पोटाशी घेऊन. साठी उलटलेला माणूस. काच कापणारे ते हात त्यांनी कानांवर ठेवले होते.

वाजतच होता. थांबला. पुन्हा सुरू झाला.

मला तो आवाज माहीत होता. मी लावलेला फोन आई उचलत नाही, तेव्हा तिच्या रिकाम्या घरात तो असाच वाजत असणार. आणि या टोकाला मी असते. अजून एकदा लावू. अजून एकदा. आत्ता उचलेल.

मी उठले.

"भागूबाई," जिन्याखालून मामा म्हणाले. "नको गं. रागावतील."

डबा हाताला चटकला. इतका गार होता तो. झाकण निघेना. मी पदर नसलेली मुलगी, ओढणीनं धरून ओढलं. निघालं.

आत गारा होत्या. डबा गच्च भरलेला. लिंबाएवढ्या, पांढऱ्या, एकही वितळलेली नाही. त्यांच्या खालून उजेड येत होता, विझत होता, येत होता. मी हात घातला. बोटं पोळल्यासारखी झाली. फोन वर काढला. काचेवर बाष्प धरलं होतं, ते अंगठ्यानं पुसलं. खाली तीच अक्षरं. उचलू नये.

बाहेर एक थेंब नव्हता.

मी उचलला. कानाला लावला. पलीकडे पत्र्यावर गारा कोसळत होत्या.

"बोला, बाई," मी म्हटलं. "मी आहे. बोला."

गारा थांबल्या.